चार तारा, पाच रेषा

बेस गिटारच्या क्लासला चाळिशी-पन्नाशीतला विद्यार्थी आला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, 'या वयात बोटं वळतील का?' दुसरा जरा दबक्या आवाजात, 'आणि ते नोटेशन शिकावंच लागतं का?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे: वळतात, थोडा वेळ लागतो. दुसऱ्यावर मात्र हमखास वाद झडतो. पॉल मॅकार्टनी यांना पाच रेषांवरचं स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, तरी त्यांच्या बेसलाइन जगभरचे विद्यार्थी गिरवतात, हा दाखला लगेच पुढं येतो. दाखला खरा आहे. पण मॅकार्टनी ऐन विशीत हॅम्बर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवत होते. आपल्या हाताशी नोकरी, घर आणि लोकलचा प्रवास उरकून राहिलेला अर्धा-पाऊण तास. त्या वेळेत हात आणि वाचन वेगवेगळं शिकायला गेलं तर दोन्ही अर्धवट राहतात. एकत्र शिकलं तर एक दुसऱ्याला ओढून नेतं. चाळिशीनंतर हे वाद्य हाती घेतल्यावर माझं तरी हेच मत झालं.

वाद्य कसं आहे

१९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी बँडमधला खर्ज सांभाळायचा तो माणसाएवढा उंच डबल बेस. तो वाहून न्यायला अवघड आणि इलेक्ट्रिक गिटार व ड्रम्सच्या गोंगाटात ऐकूही येत नसे. फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल असं वाद्य केलं आणि त्याच्या मानेवर आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवले. फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नावात 'प्रिसिजन'. तारेची कंपणारी लांबी त्यांनी ३४ इंच ठरवली आणि आजही बहुसंख्य बेस त्याच मापाचे असतात. हात लहान असेल तर ३० इंचांचे 'शॉर्ट स्केल' बेस मिळतात. मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर त्याच जातीचा.

चार तारा खालच्या स्वराकडून ई, ए, डी, जी अशा लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पण पेटीच्या नेहमीच्या सप्तकापेक्षा बऱ्याच खाली. ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१, ए तारेची ५५. मोबाइलच्या स्पीकरला एवढा खर्ज झेपत नाही. तो वरचे उपस्वर ऐकवतो आणि मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो. म्हणून घरी रियाज करताना चांगला हेडफोन किंवा बेसचा अँप हवाच.

आपल्याकडे आणखी एक गंमत घडते. घरातली वीज ५० हर्ट्‌झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्‌झचा. अर्थिंग कच्चं असलं की अँपमधून येणारी घरघर या जी स्वराच्या अगदी शेजारी बसते आणि नवशिक्याला वाटतं, आपलीच तार वाजते आहे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर बोट अर्थिंगकडे, शिल्डिंगकडे दाखवायचं. पावसाळ्यात दमटपणानं मान वाकते, तारा फ्रेटला घासतात किंवा उंच उठतात. मानेतल्या सळईला, म्हणजे ट्रस रॉडला, जाणकाराकडून पाव वळसा देऊन घेतला की बहुतेक वेळा काम भागतं. वाद्य नीट लावून घेतलेलं नसेल तर तार दाबायला जास्त जोर लागतो आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

डावा हात: तेरा सेंटिमीटरचा प्रश्न

गिटारच्या पुस्तकांत 'एका फ्रेटला एक बोट' हा नियम असतो. बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरतं. तर्जनी पहिल्यावर आणि करंगळी चौथ्यावर एकाच वेळी ताणून धरायची म्हणजे मनगट वाकतं, अंगठा मानेवर आवळला जातो आणि थोड्याच दिवसांत कोपरापर्यंत ठणका लागतो. तरुण स्नायू हे काही काळ खपवून घेतात, पन्नाशीतले घेत नाहीत.

यावर उपाय डबल बेसवाल्यांनी फार आधी शोधला होता. एकोणिसाव्या शतकातले व्हिएन्नाचे वादक फ्रांट्स सिमांडल यांच्या पद्धतीत खालच्या पट्ट्यात चारऐवजी तीनच स्वरस्थानं एका वेळी हाताखाली घेतात: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी. अनामिका करंगळीला आधार देते. बेस गिटारवर या तीन फ्रेटचं अंतर नऊ सेंटिमीटरच्या आत येतं. पुढचा स्वर हवा असेल तर बोट ताणायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या पुढं अंतरं आखडत जातात, तिथं 'एका फ्रेटला एक बोट' सहज जमतं. मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यानं हा एक निर्णय पहिल्याच आठवड्यात घेतला तर पुढचं बरंच दुखणं टळतं. पट्टाही असा बांधावा की बसून आणि उभं राहून वाद्य एकाच उंचीवर यावं. नाहीतर घरी बसून केलेला रियाज मंचावर उभं राहिल्यावर उपयोगी पडत नाही.

स्वर कुठं संपतो?

उजव्या हाताची मूळ रीत साधी आहे. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं तार छेडतात, आणि छेडून झालेलं बोट शेजारच्या जाड तारेवर जाऊन टेकतं. ए तार छेडली की बोट ई तारेवर विसावतं आणि ती गप्प राहते. डी आणि जी तारांवर गेल्यावर अंगठा पिकअपवरून ई तारेवर सरकतो. इथून पुढं बेसचं खरं शिक्षण सुरू होतं, कारण या वाद्याची तार एकदा छेडली की कित्येक सेकंद घुमत राहते. वाजवायला एक बोट पुरतं. थांबवायला दोन्ही हात लागतात.

एक छोटा धडा करून पाहा. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा. ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सी, म्हणजे पांढरी एक, चारपैकी पहिल्या तीन मात्रांवर वाजवा. चौथ्या मात्रेला शांतता हवी. आता नेमकं काय करायचं? बोट झटकन उचललं तर खुली ए तार गुणगुणू लागते. दाबूनच ठेवलं तर सी संपत नाही. दाब सोडायचा, स्पर्श सोडायचा नाही. तार फ्रेटवरून सुटते आणि बोटाच्या मांसल टोकाला टेकून विझते. त्याच वेळी ई तार उजव्या हाताच्या बोटाखाली दबलेली असते, डी आणि जी तारांवर डाव्या तर्जनीचा आडवा भाग हलकेच पडलेला असतो. एका मात्रेच्या शांततेसाठी एवढी सगळी कामं, आणि तीही बरोबर चौथ्या टकटकीला.

हाच धडा कागदावर लिहिला की तीन काळे ठिपके दिसतात आणि चौथ्या जागी एक वळणावळणाची उभी खूण, क्वार्टर रेस्ट. स्टाफ नोटेशनमध्ये स्वराच्या प्रत्येक लांबीला जशी खूण आहे तशी मौनाच्या प्रत्येक लांबीलाही आहे. ही खूण डोळ्यांना दिसू लागली की हात आपोआप तार विझवायला शिकतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या टॅबमध्ये कोणत्या तारेवर कितवा फ्रेट, हे आकड्यांत असतं. बोट कुठं ठेवायचं ते कळतं, कधी उचलायचं ते बहुतेकदा कळत नाही. युरोपात सोळाव्या शतकात ल्यूट वादक टॅबच वापरत, पण तेही आकड्यांवर किंवा अक्षरांवर तालाच्या खुणा लिहीत.

पाच रेषा

बेस क्लेफच्या खुणेतले दोन टिंब खालून चौथ्या रेषेला कवेत घेतात. ती रेषा एफची. तिथून बाकीचं मोजता येतं, पण पाठ करायच्या त्या चार खुल्या तारा: ई पाच रेषांच्या खाली एका आखूड जोडरेषेवर, ए सर्वांत खालच्या फटीत, डी बरोबर मधल्या रेषेवर, जी सर्वांत वरच्या फटीत. बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. जसाच्या तसा लिहिला असता तर पाच रेषांखाली जोडरेषांची चळत लागली असती.

पियानोवर एका खुणेला एकच पट्टी असते. बेसवर खुल्या जी तारेचा स्वर डी तारेच्या पाचव्या, ए तारेच्या दहाव्या आणि ई तारेच्या पंधराव्या फ्रेटवरही सापडतो. नवशिका इथं गोंधळतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने पहिले पाच फ्रेट ही हद्द मानावी आणि तिच्या बाहेर पाऊल टाकू नये.

ज्याच्या कानावर पेटी-तबल्याचे संस्कार आहेत त्याला इथं घरचा आधार मिळतो. क्वार्टर नोट म्हणजे एक मात्रा धरली तर एट्थ नोट दुगुन, ट्रिप्लेट तिगुन, सिक्स्टीन्थ चौगुन. तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या, म्हणून कुठल्याही फ्रेटवर सा धरला तर शेजारच्या बारीक तारेवर त्याच फ्रेटला म, दोन फ्रेट पुढं प, आणि दोन तारा पलीकडे, दोन फ्रेट पुढं वरचा सा. पट्टी कोणतीही असो, बोटांची आकृती तीच.

अडचणही इथंच आहे. आपला सा हलता असतो, स्टाफवरचा सी हलत नाही. काळी चारमध्ये गाणं बसवायचं झालं तरी कान त्याला सा म्हणतो, डोळ्यांना मात्र जी शार्प किंवा ए फ्लॅट वाचावा लागतो. दोन्ही नावं शेजारी-शेजारी नांदू द्यावीत. पांढरी एकमध्ये तोंडानं 'सा ग प' गावं आणि मनात 'सी ई जी' म्हणावं. तालातही एक सवय मोडावी लागते. आपला जोर समेवर, रॉक आणि पॉपमध्ये ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मेट्रोनोमची टकटक दोन आणि चारवर धरून वाजवलं की पहिली मात्रा स्वतःच्या आत मोजावी लागते, आणि बेसवादकाचं तेच काम आहे.

वाचनावर चाललेली घरं

वाचन ही चैनीची गोष्ट मानणाऱ्यांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताकडे पाहावं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोलफेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ती मुलं मुंबईत आली, धोबीतलावच्या कुडांमधून, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांतून, राहिली आणि आधी जॅझ बँडमध्ये, मग चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर संगीतकाराची चाल ऐकून प्रत्येक वाद्याचा कागद लिहून काढत. बहुमार्गी ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक आणि सगळा ताफा एकत्रच मुद्रित होई. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा टेक वाया. समोरचा कागद पाहताक्षणी वाजवता येणं हे त्या वादकांचं पोट होतं. पुढं त्या ताफ्यांत बेस गिटार आली, तेव्हा आर. डी. बर्मन यांच्याकडे ती टोनी वाझ यांच्या हाती होती.

अमेरिकेतली कॅरल के यांची गोष्ट प्रौढ विद्यार्थ्यानं आवर्जून लक्षात ठेवावी. त्या मुळात जॅझ गिटारवादक. १९६३ साली हॉलिवूडच्या एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही, म्हणून त्यांच्या हाती बेस आला. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या. वाचन आधीच पक्कं असल्यानं नव्या वाद्यावर त्या चटकन स्थिरावल्या, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधल्या अतिशय व्यग्र बेसवादक झाल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी बेस शिकवणारं पुस्तकही काढलं. आवाज आखूड आणि टणक राहावा म्हणून त्या तारांवर फेल्टचा तुकडा ठेवत.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमरसन शाळेत डबल बेस शिकले होते. बेस गिटार ते उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवत, सहकारी त्या बोटाला 'द हुक' म्हणत. म्हणजे दोन बोटांचा नियमही दगडावरची रेघ नाही. फेंडरच्या त्या काळच्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली तारा दाबणारी फोमची पट्टी असे. जेमरसन यांनी ती तशीच राहू दिली. हात इतके वेगळे, पण स्वर कुठं तोडायचा याकडे के आणि जेमरसन दोघांचंही बारीक लक्ष.

अर्धा-पाऊण तास

लहानपणी सुरुवात करणाऱ्याला फायदा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना जास्त जागा मिळालेली आढळली, आणि लवकर सुरुवात केलेल्यांमध्ये हा फरक अधिक होता. पण शिकण्याची क्षमता प्रौढपणी आटत नाही, तिला थोडी-थोडी आणि रोज मात्रा लागते. रविवारी सलग तीन तास घालवण्यापेक्षा रोजची वीस-तीस मिनिटं हाताला जास्त शिकवून जातात, कारण मधल्या झोपांमध्ये मेंदू केलेलं काम पक्कं करत असतो.

वेळेची वाटणी अशी करून पाहावी. पहिली पाच मिनिटं खुल्या तारा छेडायच्या आणि विझवायच्या, अतिशय सावकाश. पुढची दहा मिनिटं वाद्य बाजूला ठेवून ताल वाचायचा: पायानं मात्रा, टाळीनं स्वर, रेस्टला हात उघडे. नंतरची दहा मिनिटं नवी ओळ. इथं प्रौढाचा तल्लख कान आडवा येतो. दोनदा वाजवलं की चाल पाठ होते आणि डोळे कागद सोडतात, म्हणून रोज न पाहिलेली ओळ हवी. चेलो आणि ट्रॉम्बोनची प्राथमिक पुस्तकं याच क्लेफमध्ये असतात, ती बेसवाल्याला चालतात. बातम्या वाचणाऱ्याची नजर जशी उच्चारलेल्या शब्दाच्या पुढं धावते, तशी नजर हातातल्या मात्रेच्या एक-दोन मात्रा पुढं हवी. शेवटी आवडतं गाणं, मन भरेल इतकं. दुखलं तर त्या दिवशी थांबायचं. बोटाच्या टोकाला येणारा घट्टा चालेल, मनगटातली कळ किंवा बोटांतल्या मुंग्या चालणार नाहीत.

ज्यांना परीक्षेचा धाक हवा त्यांच्यासाठी रॉकस्कूल आणि ट्रिनिटी या मंडळांच्या बेस गिटारच्या श्रेणी भारतातूनही देता येतात आणि वयाची अट आड येत नाही. पण प्रमाणपत्रापेक्षा एक चाचणी मला जास्त प्रामाणिक वाटते. ड्रमवाल्याबरोबर किंवा ड्रम मशीनबरोबर उभं राहावं, न पाहिलेल्या आठ बारांचा, म्हणजे आठ छोट्या आवर्तनांचा, कागद समोर ठेवावा आणि सुरुवात करावी. दोन स्वर चुकतील, चुकू द्यावेत. मात्रा सुटता कामा नये, रेस्टमध्ये कुठली तार घुमता कामा नये आणि आठव्या बारच्या शेवटी दोघांनी एकत्र थांबायला हवं. हे जमलं की ऑफिसचा बँड असो, चर्चमधला किंवा गल्लीतला ऑर्केस्ट्रा, बेसवादकाची जागा तिथं बहुधा रिकामी असते, आणि ती भरायला तुम्ही तयार असता.