वसतिगृहातील मुलांचे मन आणि आपले कर्मचारी

जून महिना उजाडला की तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. पत्र्याची पेटी, सुतळीने बांधलेली वळकटी आणि दहा-अकरा वर्षांचे एक मूल. सोबत आलेला बाप वसतिगृहाच्या दारात मुलाला गृहपालांच्या स्वाधीन करतो आणि हात जोडून म्हणतो, "सर, आता तुम्हीच याचे मायबाप." संध्याकाळच्या गाडीने तो परत जातो. त्या रात्री ते मूल झोपले की नाही, हे कोण पाहतो? या एका प्रश्नासाठीच हा लेख आम्ही सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

वसतिगृह ही आपल्या समाजाच्या उत्थानाची पहिली पायरी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आमच्यापैकी कित्येक जण अशाच वसतिगृहांच्या भाकरीवर शिकले. म्हणून वसतिगृहांना दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपण मुलांना निवारा दिला, अन्न दिले, पुस्तके दिली. मनाचा आधार मात्र आपोआप मिळेल असे गृहीत धरले. तो आपोआप मिळत नाही.

प्रश्न किती गंभीर आहे?

२०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशातील जवाहर नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे २०१८ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्मी मुले दलित व आदिवासी समाजातील होती. ही मुले निवड परीक्षेतून आलेली, हुशार व होतकरू होती. तेथे अन्न, वस्त्र, पुस्तके यांची सोय होती. तेव्हा केवळ सोयींनी मूल सावरत नाही, हे या आकड्यावरून स्पष्ट होते.

घरी राहणाऱ्या मुलाचा उतरलेला चेहरा आईला दिसतो, आजीला दिसतो, शेजारणीलाही दिसतो. वसतिगृहात ते डोळे नसतात. शिवाय आपली बरीच मुले घराण्यात पहिल्यांदाच शिकणारी असतात. साऱ्या घराची आशा त्यांच्यावर असते. गुण कमी पडले तर घरी काय तोंड दाखवू, ही भीती ती कोणाजवळ बोलून दाखवीत नाहीत. बोलीवरून, आडनावावरून, जातीवरून कोणी हिणवले तरी ती गप्प राहतात. आदिवासी भागातून आलेल्या मुलाला तर शाळेची भाषाही परकी असते.

पहिल्यांदा कोणाला दिसते?

मानसिक आरोग्य म्हटले की आपल्याला डॉक्टर आठवतात. परंतु मुलातील बदल डॉक्टरांच्या आधी वसतिगृहातील साध्या माणसांच्या नजरेस पडतो. ताट तसेच परत आले, हे स्वयंपाकिणीला दिसते. अंथरूण ओले झाले, हे कामाठ्याला कळते. रात्री दोन वाजता मूल व्हरांड्यात बसले आहे, हे पहारेकरी पाहतो. वहीची पाने कोरी आहेत, हे शिक्षकांच्या लक्षात येते. चौघांना चार गोष्टी दिसतात, पण त्या एकमेकांना सांगण्याची पद्धत नसते. म्हणून प्रशिक्षण केवळ गृहपाल व शिक्षक यांना देऊन भागणार नाही. स्वयंपाकी, कामाठी, शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार या सर्वांना ते दिले पाहिजे.

प्रशिक्षणात काय शिकवावे?

पहिली गोष्ट म्हणजे लक्षणे ओळखणे. घरची आठवण येऊन पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे उलटले तरी मूल उदास असेल, जेवण व झोप बिघडली असेल, मित्रांपासून ते दूर राहत असेल, पोट किंवा डोके वारंवार दुखत असून तपासणीत काही निघत नसेल, अभ्यासात एकाएकी मागे पडत असेल, तर लक्ष घालावे. हातावर जखमांच्या खुणा, मरणाच्या गोष्टी, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. तेथे दोन आठवडे थांबावयाचे नाही, त्याच दिवशी पाऊल उचलावयाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणे. आपल्याकडे उपदेश फार आणि ऐकणे थोडे. "एवढा मोठा झालास आणि रडतोस काय?" या वाक्याने मुलाचे तोंड कायमचे बंद होते. त्याऐवजी त्याच्याशेजारी बसून "दोन दिवस तू जेवला नाहीस, मला काळजी वाटली. काय झाले ते सांगशील का?" असे विचारावे आणि मग स्वतः गप्प राहावे. चारचौघांत विचारू नये, पण बंद दाराआडही बोलू नये. दुसऱ्यांना दिसेल परंतु ऐकू येणार नाही, अशी जागा निवडावी. "कोणाला सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये. "तुझ्या मदतीसाठी ज्याला सांगणे जरूर आहे, त्यालाच सांगेन" एवढेच म्हणावे.

तिसरी गोष्ट म्हणजे सरळ विचारणे. जीव देण्याविषयी विचारले तर मुलाच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. शांतपणे विचारल्याने मुलाचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, रागावू नये, शपथा घालू नयेत. कीटकनाशके, फिनाईल, औषधे कुलपात ठेवावीत. ती एरवीही कुलपातच हवीत. पालकांना बोलावून घ्यावे आणि मुलाला रुग्णालयात न्यावे. पोलिसांच्या भीतीने उपचारास उशीर करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे.

चौथी गोष्ट म्हणजे योग्य ठिकाणी पाठविणे. कर्मचाऱ्याने डॉक्टर व्हावे अशी कोणाचीही अपेक्षा नाही. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर आपण ओली पट्टी ठेवतो आणि मग दवाखान्यात नेतो, तसेच हे आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि टेली-मानस ही १४४१६ क्रमांकावरील शासकीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे क्रमांक गृहपालांच्या टेबलाच्या खणात न ठेवता जेवणाच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावावेत. मूल घुमू लागले, किंचाळू लागले, तर देवऋषी वा मांत्रिक यांच्याकडे नेण्याचा आग्रह पालक धरतात. तेव्हा त्यांना न दुखावता, पण ठामपणे डॉक्टरांचा मार्ग दाखविणे हेही प्रशिक्षणाचेच काम आहे.

ज्याची चर्चा आपण टाळतो

छळ करणारे कधी मोठे विद्यार्थी असतात, तर कधी आपलाच कर्मचारी असतो, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसांत मिटविणे हा गुन्हा ठरतो. आणि आम्ही म्हणतो, मुलाच्या जिवापेक्षा संस्थेची अब्रू मोठी नाही.

लहान वाटणाऱ्या गोष्टींचेही प्रशिक्षण हवे. शिष्यवृत्तीची यादी सर्वांसमोर जातीसकट वाचणे, नापासांना प्रार्थनेच्या वेळी उभे करणे, अंथरूण ओले करणाऱ्याची टर उडविणे, मुलींच्या पाळीच्या दिवसांत टोमणे मारणे, या प्रथा बंद करण्यास एक पैसाही लागत नाही.

ही आता ऐच्छिक बाब नाही

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग व वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि शिकविणाऱ्या व न शिकविणाऱ्या अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. वंचित समाजांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने कसे वागावे, हेही त्या प्रशिक्षणात यावे अशी अपेक्षा आहे.

आमची सूचना अशी की, पहिले प्रशिक्षण जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आणि दुसरे दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावे. सुट्टीहून परतलेले मूल आणि परीक्षेच्या तोंडावरचे मूल अधिक हळवे असते. व्याख्यानाने फारसे साधत नाही. पंधरा-वीस जणांचा गट करून, एकाने रडणारे मूल व्हावे व दुसऱ्याने गृहपाल व्हावे, असे प्रत्यक्ष करून पाहावे. दर आठवड्याला सर्व कर्मचाऱ्यांनी अर्धा तास एकत्र बसून कोणते मूल गप्प आहे, एवढेच एकमेकांना सांगावे. आणि चोवीस तास ड्यूटीवर असलेल्या गृहपालालाही मन असते, हे संस्थाचालकांनी विसरू नये. ज्याला स्वतःला आठवड्याची रजा मिळत नाही, तो दुसऱ्याचे शांतपणे कसे ऐकणार?

आपण काय करावे?

सभासदांनी महिन्यातून एक रविवार जवळच्या वसतिगृहासाठी राखून ठेवावा. वह्या-पेन वाटून व फोटो काढून परत न येता मुलांबरोबर पंगतीला बसावे. समाजातील डॉक्टर, परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर यांनी प्रशिक्षणासाठी आपले दोन दिवस द्यावेत. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या खोलीतील सोबती गप्प झाला असेल तर ती त्याची खाजगी बाब म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि एका विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. ती चुगली नव्हे, मैत्री आहे.

त्या बापाने हात जोडून "तुम्हीच मायबाप" म्हटले होते. ते शब्द रीत म्हणून उच्चारलेले नव्हते. आपल्या हाती त्याने घरातले सर्वात मोलाचे सोपविले होते. ते मूल शिकून, हसतखेळत त्याच एस. टी. ने घरी परतावे, एवढी जबाबदारी आपण सर्वांनी मिळून उचलू या.