काट्याचा आकडा कानावर : कापूस बाजारासाठी बोलणारा प्रोग्राम

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची खरेदी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, दारव्हा येथील बाजार समित्यांची आवारे व जिनिंग कारखान्यांकडे जाणारे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ज्या ठिकाणी आकड्यात उतरते ते ठिकाण म्हणजे भुईकाटा, ज्याला विदर्भात सर्रास धरमकाटाही म्हणतात. कापसाने भरलेली ट्रॉली आधी काट्यावर चढते आणि तिचे भरलेले वजन नोंदले जाते. माल उतरवल्यावर तीच ट्रॉली पुन्हा काट्यावर येते, रिकामे वजन नोंदले जाते आणि दोहोंतील फरक निव्वळ वजन म्हणून काटापावतीवर छापला जातो. भरलेले वजन ५,८६० किलो आणि रिकामे ३,४२० किलो असेल, तर निव्वळ कापूस २,४४० किलो, म्हणजे २४ क्विंटल ४० किलो भरतो, आणि पुढचा सारा हिशेब याच आकड्यावर चालतो.

१९७२ मध्ये राज्यात सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळापासून आजच्या भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रांपर्यंत व्यवस्था पुष्कळ बदलली आणि काटाघरात संगणकही आला. मात्र या संगणकाचा पडदा आत बसलेल्या काटेवाल्याकडे तोंड करून असतो आणि ज्याचा कापूस आहे तो शेतकरी बाहेर ट्रॉलीजवळ उभा असतो. काही काट्यांवर बाहेरच्या बाजूला लाल आकड्यांची पाटी असते, परंतु भर उन्हात ती धड दिसत नाही आणि भरलेल्या ट्रॉलीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तर ती दिसतच नाही. काट्यावरील प्रोग्रामने वजन मोठ्या आकड्यांत दाखवावे आणि त्याच वेळी ते मराठीत स्पष्टपणे बोलून दाखवावे, ही मागणी म्हणूनच अगदी रास्त आहे. ऐकायला सोपी वाटणारी ही मागणी पूर्ण करताना डेस्कटॉप प्रोग्रामिंगमधील जवळजवळ सगळ्या खऱ्या अडचणी एकामागून एक समोर येतात.

डेस्कटॉप प्रोग्राम म्हणजे ब्राउझरच्या किंवा दूरच्या सर्व्हरच्या आधाराविना थेट संगणकावर चालणारा प्रोग्राम. काटाघरात तोच सोयीचा ठरतो, कारण इंटरनेट गेले तरी वजन थांबून चालत नाही आणि काटा, छपाईयंत्र व ध्वनिवर्धक ही तिन्ही साधने त्याच संगणकाला जोडलेली असतात. काट्याच्या पत्र्याखाली लोडसेल नावाचे संवेदक बसवलेले असतात; भाराखाली त्यांच्यातील धातूला अतिसूक्ष्म ताण बसतो, त्या ताणाने विद्युत रोध बदलतो आणि तो बदल मोजून इंडिकेटर नावाची पेटी किलोचा आकडा तयार करते. ही पेटी तो आकडा आरएस-२३२ या जुन्या पण भरवशाच्या सिरियल तारेवरून अक्षरांच्या माळेच्या रूपात संगणकाकडे सतत पाठवत राहते.

पहिला घोटाळा इथेच होतो. सिरियल तारेवरून आलेली माळ प्रोग्रामच्या हाती दर वेळी अखंड पडेल याची खात्री नसते. ‘००५८६०’ या माळेतील ‘००५८’ एवढाच भाग आधी येऊ शकतो आणि उरलेला ‘६०’ पुढच्या खेपेस येतो. आले ते लगेच वाचणारा प्रोग्राम अशा वेळी क्षणभर ५८ किलो दाखवतो आणि तो बोलणारा असेल तर अठ्ठावन्न किलो असे बोलूनही मोकळा होतो. त्यावरचा उपाय असा की आलेली अक्षरे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, जमा करत राहावे आणि माळेच्या शेवटी येणारे समाप्तीचे चिन्ह दिसल्यावरच तेवढा तुकडा वाचावा. यूएसबीचा जोड वापरला असेल तर आणखी एक अडचण येते: तार काढून दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज त्या जोडणीला, म्हणजे पोर्टला, बहुधा नवा क्रमांक देते आणि आदल्या दिवशी सुरळीत चाललेला प्रोग्राम सकाळी मुका होतो. पोर्टचा क्रमांक प्रोग्रामच्या मजकुरात पक्का लिहून ठेवणे हे म्हणूनच चुकीचे ठरते.

दुसरी अडचण थ्रेडची आहे. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा प्रवाह. खिडक्या, बटणे आणि अक्षरे पडद्यावर काढण्याचे काम विंडोजमध्ये एकाच थ्रेडकडे असते, तर डॉट नेट वापरून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये सिरियल तारेवर काही आल्याची सूचना दुसऱ्याच थ्रेडवर मिळते. त्या दुसऱ्या थ्रेडने पडद्यावरील आकडा परस्पर बदलायचा प्रयत्न केला की प्रोग्राम चूक नोंदवून थांबतो, आणि म्हणून ते काम ‘इन्व्होक’ किंवा ‘बिगिन-इन्व्होक’ या मार्गाने मुख्य थ्रेडकडे सोपवावे लागते. या दोहोंपैकी पहिला मार्ग काम पूर्ण होईपर्यंत थांबून राहतो, आणि काटेवाल्याने नेमक्या त्याच वेळी प्रोग्राम बंद करायला घेतला तर पोर्ट बंद करणारा मुख्य थ्रेड आणि त्याच्यासाठी खोळंबलेला दुसरा थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकून पडतात. दुसरा मार्ग काम सोपवून लगेच पुढे जातो, म्हणून इथे तोच वापरावा.

आता पडद्याकडे वळता येईल. विंडोज तयार बटणे, चौकटी आणि मजकुराच्या पट्ट्या देते. परंतु हाताएवढे मोठे आकडे, वजन स्थिर झाल्याची हिरवी खूण, शून्याजवळचा पिवळा पट्टा आणि खाली क्विंटल-किलोची ओळ असे सगळे एकत्र दाखवणारा घटक त्यात नसतो. असा घटक प्रोग्रामरला स्वतः रेखाटावा लागतो आणि त्यालाच कस्टम कंट्रोल म्हणतात. वजन बदलले की विंडोज या घटकाला पुन्हा रेखाटण्यास सांगते. आधी पार्श्वभूमी पुसली आणि मग आकडा काढला, तर सेकंदाला दहा वेळा होणाऱ्या या पुसापुशीमुळे पडदा लुकलुकतो. सगळे चित्र आधी स्मृतीत तयार करून मग एकदम पडद्यावर ठेवले की लुकलुक थांबते. या पद्धतीला डबल बफरिंग म्हणतात.

याहून अधिक घातक चूक डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक रेखाटनाच्या वेळी नवा फॉन्ट किंवा नवा रंगकुंचला तयार करून तो परत न केल्यास प्रोग्रामच्या नावावर अशा वस्तूंचा साठा वाढत जातो, आणि विंडोजने एका प्रोग्रामला घालून दिलेली नेहमीची मर्यादा १०,००० वस्तूंची आहे. सेकंदाला दहा रेखाटने आणि प्रत्येकात एक वस्तू मागे राहिली, तर १,००० सेकंदांत, म्हणजे सतरा मिनिटेही व्हायच्या आत, ही मर्यादा संपते आणि आकडे अर्धवट उमटू लागतात. कार्यालयात पाच मिनिटे तपासून ‘चालते आहे’ असे ठरवलेला प्रोग्राम काट्यावर रांग लागली असताना कोसळतो, तो बहुधा अशाच कारणाने.

देवनागरी मजकुराची गोष्ट वेगळी आहे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या अनेक कस्टम कंट्रोलमध्ये एकेक अक्षर मोजून शेजारी शेजारी ठेवण्याची रीत असते; त्या रीतीने ‘क्विंटल’ हा शब्द काढायला गेले तर क-चा पाय मोडतो, वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि अनुस्वार भलतीकडे तरंगतो. जोडाक्षरे जुळवण्याचे काम विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून युनिस्क्राइब हा भाग करत आला आहे. त्याला पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम द्यावी लागते, तुकडे दिले तर तो काहीच करू शकत नाही. चौकटीची उंचीही रोमन अक्षरांच्या मापाने ठरवून चालत नाही, कारण वरची मात्रा आणि खालचा उकार कापले जातात. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या, युनिकोड या प्रमाणित लिपिसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये नोंदलेली शेतकऱ्यांची नावे जुन्या माहितीसाठ्यात असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. तसे न केल्यास पावतीवर नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

आवाजाचा भाग सर्वांत रंजक आहे आणि मराठीसाठी तो जरा अधिकच मेहनतीचा आहे. इंग्रजीत १ ते ९९ बोलण्यासाठी १ ते १९ हे एकोणीस शब्द आणि २० ते ९० हे आठ दशक एवढे २७ तुकडे ध्वनिमुद्रित केले की भागते. मराठीत अठ्ठावन्न, एकोणसाठ, त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी असा प्रत्येक संख्येचा शब्द वेगळा घडतो, म्हणून ९९ तुकडे लागतात. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने २०१९ मध्ये ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचवले तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. तशा वाचनाने प्रोग्रामरचे काम हलके झाले असते हे खरे, परंतु काट्यावर कानाला जे ऐकायची सवय आहे तेच ऐकू यायला हवे आणि शेतकऱ्याच्या कानाला सवय ‘अठ्ठावन्न’ची आहे. काट्याचा सर्वांत लहान भाग दहा किलोचा असला तर किलोच्या जागी दहा, वीस, तीस असे मोजकेच शब्द येतात. क्विंटलच्या जागी मात्र ९९ पैकी कोणताही येऊ शकतो.

या ९९ तुकड्यांत शंभर, एकशे ते नऊशे, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन, क्विंटल आणि किलो यांची भर घातली की एकूण संख्या ११४ होते, आणि तरीही एक तुकडा कमी पडतो. बोलताना वाक्याच्या शेवटी स्वर उतरतो आणि मध्ये तो वर राहतो. वजनाचे वाक्य बहुधा ‘किलो’वर संपते, म्हणून संख्येचा शब्द कधीच शेवटी येत नाही आणि तो ‘अठ्ठावन्न क्विंटल’ अशा जोडीत बोलून घेऊन मग कापलेला बरा. किलोची बाजू शून्य असेल तेव्हा मात्र वाक्य ‘क्विंटल’वर संपते, म्हणून त्या शब्दाचे दोन तुकडे हवेत, एक मधला आणि एक शेवटचा. सेकंदाला २२,०५० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापे), प्रत्येकी १६ बिट आणि एकच वाहिनी या मापाने एका सेकंदाच्या आवाजाला ४४,१०० बाइट लागतात. तुकडा सरासरी पाऊण सेकंदाहून थोडा कमी धरला, तर हे ११५ तुकडे सुमारे साडेतीन मेगाबाइटमध्ये बसतात, आणि काटाघरातील जुन्यात जुन्या संगणकालाही ते जड नाहीत.

हे तुकडे एकामागून एक वाजवताना नवशिका प्रोग्रामर हमखास अडकतो. विंडोजमधील ‘प्लेसाउंड’ हे साधे फंक्शन दोन प्रकारे चालते: पहिल्या प्रकारात आवाज संपेपर्यंत ते थांबून राहते, त्यामुळे मुख्य थ्रेडवरून वाजवल्यास पडद्यावरचा आकडा तेवढा वेळ गोठतो, दुसऱ्या प्रकारात ते वाजवणे सुरू करून लगेच परतते, पण पुढचा आवाज आला की आधीचा तोडून टाकते. दुसरा प्रकार वापरून चार तुकडे लागोपाठ दिले तर शेतकऱ्याच्या कानावर फक्त ‘किलो’ पडते. खात्रीचा उपाय म्हणजे चारही तुकड्यांतील नमुने स्मृतीत जोडून एकच सलग आवाज तयार करणे आणि तो एकदाच वाजवायला देणे. जोडताना प्रत्येक वेव्ह फाइलचे मथळ्याचे भाग, जे नेहमीच्या साध्या फाइलीत ४४ बाइटचे असतात, काढून टाकावे लागतात, नाहीतर ते बाइटही नमुने समजून वाजवले जातात आणि शब्दाशब्दांमध्ये टक्क असा आवाज येतो. तुकडा लाटेच्या मध्यावर कापला असेल तरी तसाच आवाज येतो, म्हणून दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांचा हलका चढ-उतार द्यावा.

केव्हा बोलायचे हाही प्रश्न आहे. ट्रॉली काट्यावर चढताना हेलकावते आणि आकडा खालीवर होत राहतो. वजन सलग दोन-तीन सेकंद एका भागाच्या आत स्थिर राहिले तरच बोलावे, एकदा बोलल्यावर काटा शून्याजवळ परत येईपर्यंत आपणहून पुन्हा बोलू नये, आणि शेतकऱ्याने मागितल्यास तेच वजन पुन्हा ऐकवण्यासाठी एक मोठे बटण ठेवावे. काटाघरात नवा पडदा जोडला की विंडोज कधी कधी आवाज त्या पडद्याकडे वळवते, ज्याला ध्वनिवर्धकच नसतो. प्रोग्रामच्या दृष्टीने आवाज वाजलेला असतो आणि बाहेर शांतता असते. म्हणून आवाज कोणत्या साधनाकडे जातो आहे त्याचे नाव पडद्यावर कायम दिसत ठेवावे.

कस्टम कंट्रोलची आणखी एक जबाबदारी बहुतेकदा दुर्लक्षित राहते. दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरताना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असतात. एनव्हीडीए हा असाच मोफत प्रोग्राम ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन प्रोग्रामर मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केला. तयार बटण स्वतःचे नाव अशा वाचकाला आपोआप सांगते, पण हाताने रेखाटलेला घटक त्याच्या लेखी एक रिकामा चौकोन असतो. नाव, भूमिका आणि चालू मूल्य ही माहिती प्रोग्रामरने मुद्दाम पुरवली, तर बाजार समितीच्या कार्यालयातील दृष्टिहीन कर्मचाऱ्यालाही तोच आकडा वाचता येतो, आणि यासाठी लागणाऱ्या ओळी फार थोड्या आहेत.

वैधमापन अधिनियम, २००९ खाली पडताळणी काट्याची होते. म्हणून संगणकाने काट्याचा आकडा फक्त पोहोचवायचा असतो. दाखवलेले, बोललेले आणि छापलेले वजन एकाच साठवलेल्या नोंदीतून यावे, आणि वजनाच्या चौकटीत हाताने आकडा टाकण्याची सोय प्रोग्राममध्ये कुठेही ठेवू नये.

यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि बंजारा समाजाची गोरमाटी या भाषाही बोलल्या जातात. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असून केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांत त्याची वस्ती आहे आणि त्यातील कित्येक कुटुंबे कापूस पिकवतात. आकड्यावरून तुकड्यांची यादी बनवणारे फंक्शन आणि प्रत्यक्ष आवाजाचे फोल्डर सुरुवातीपासून वेगळे ठेवले, तर प्रत्येक भाषेसाठी तिच्या संख्यावाचनाचा नियम आणि तिचे तुकडे जोडता येतात. मराठीचा नियम सगळीकडे पसरवून लिहिला असेल तर मात्र सगळा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागतो. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय येथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून घ्यावे असे हे काम आहे. त्यातील प्रोग्रामिंग एका सत्रात होण्यासारखे आहे. वेळ लागेल तो संख्यांचे उच्चार त्या त्या भाषेच्या बोलणाऱ्यांकडून नीट मुद्रित करून घ्यायला, आणि ते मुद्रण पुण्या-मुंबईच्या स्टुडिओपेक्षा पांढरकवड्यात आणि दिग्रसमध्ये अधिक चांगले होईल.