मंगळाईच्या बुरुजाखालचा सुरुंग

साताऱ्यात उजाडायच्या आत अजिंक्यतारा किल्ल्याचा रस्ता जागा होतो. भरतीची तयारी करणारी पोरं धावत वर जातात, मागून कानटोपी घातलेले आजोबा. गाडी दरवाज्यापर्यंत जाते, पण खरा सातारकर पायीच चढतो. गडफेरीत ईशान्य टोकाला मंगळाईचा बुरूज लागतो. तिथे थांबाच! इतिहासकार ग्रँट डफने या कोपऱ्याची उंची नोंदवली आहे: ६७ फूट, त्यात ४२ फूट अखंड कातळ आणि वर २५ फूट बांधकाम. निम्म्याहून जास्त तट सह्याद्रीनेच उभारून ठेवलेला!

डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब पायथ्याशी येऊन बसला. तोफांना हा कोपरा दाद देईना, तेव्हा त्याच्या तरबियतखान या सरदाराने कातळच पोखरायला घेतला. चार महिने छिन्नी-हातोडे चालले. दोन सुरुंग तयार झाले.

१३ एप्रिल १७००. पहिला सुरुंग उडाला, तट आत कोसळला आणि गडावरची माणसं गाडली गेली. हवालदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. खिंडार पडलेलं पाहून मोगल फौज पुढे सरसावली आणि तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला. हा मात्र बाहेर फुटला. सुमारे २००० मोगल त्यात मेल्याचं सांगतात.

एकाच कड्यात दोन सुरुंग, मग उलट्या दिशा कशा? जतकडे विहिरी पाडणाऱ्या कुणालाही विचारा. दारू पेटली की क्षणात प्रचंड वायू होतो आणि जिकडे अडसर कमी, तिकडेच तो वाट काढतो. आपला काळा पाषाण लाव्हाच्या थरांचा: एक थर घट्ट, खालचा मऊसर मांजऱ्या, मध्ये भेगा. दारूच्या कोठीपुढचा कातळ थोडा पातळ राहिला किंवा ठासणी कच्ची पडली, तरी सगळा जोर उलटा येतो. अंधारात, नुसत्या अंदाजाने खोदणाऱ्यांना हे कळणार कसं?

तरीही २१ एप्रिलला गड गेला. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते आणि गडावरची रसदही आटली होती. बादशहाने किल्ल्याचं नाव आझमतारा ठेवलं आणि फौज परळीकडे वळवली. तो परळीचा गड, म्हणजे आपला सज्जनगड, नैऋत्येच्या तटावरून स्वच्छ दिसतो.