आज लांबची फेरी की विसाव्याची?

मागच्या कार्यक्रमानंतर एका आईनं आम्हाला विचारलं, "लेक सायकल शर्यतीसाठी रोज पहाटे जीव तोडून सायकल मारते, तरी मागंच पडते. आता शर्यतच नको म्हणते. काय करावं?" आम्ही म्हटलं, शर्यत सोडू नका, रोज जीव तोडणं सोडा.

सरावाच्या सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. त्यातल्या दोन आज ओळखून घेऊ.

पहिली लांबची, दमसास वाढवणारी. दीड ते तीन तास, एकसारख्या वेगानं. श्वास वाढतो, सोबतच्या मैत्रिणीशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. अशा सरावानं हळूहळू हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. बरोबर पाणी आणि केळं किंवा गूळ-शेंगदाणे हवेतच. नवख्या मुलीनं अर्ध्या तासापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवावं.

दुसरी विसाव्याची. कष्टाच्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी, अर्धा ते पाऊण तास. सपाट रस्ता, हलका गिअर. गिअरची सायकल नसेल तर चढ टाळायचा, सावकाश जायचं. चालत्या सायकलवर ओवी म्हणता आली पाहिजे. परतताना पाय निघतानापेक्षा मोकळे वाटले, तर फेरी बरोबर झाली. हिच्यानं ताकद वाढत नाही, पण शरीराला झीज भरून काढायला सवड मिळते.

चूक इथंच होते. मैत्रीण पुढं गेली की आपलेही पाय जोर धरतात. मग ना विसावा होतो, ना पुरता सराव.

आणखी एक. खुरपणी, पाण्याचे हंडे हेही कष्टच. दिवसभर शेतात वाकलेल्या मुलीला संध्याकाळची फेरी विसावा देत नाही. विसाव्याच्या दिवशी हंडा भावानं उचलावा. ताप असेल, गुडघा दुखत असेल, तर सायकल घरीच ठेवा. पाळी लागोपाठ चुकत असेल किंवा थकवा हटतच नसेल, तर पोटभर जेवते का ते बघा आणि आरोग्य केंद्रात दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लांबच्या फेरीला ‘ल’ आणि विसाव्याला ‘वि’ लिहा. दोन ‘ल’च्या मध्ये ‘वि’ दिसतोय ना, एवढं पाहणं आपल्या हातात आहे.