एका शब्दास एकच अर्थ पुरे काय?

सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. तथापि फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे एकेक मराठी प्रतिशब्द लिहून देण्याची जुनी रीत पुष्कळ वर्गांत अद्याप आढळते. ही रीत सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे प्रत्येक शब्दास परभाषेत नेमका एकच जोडीदार असतो, अशी मुलांची समजूत होते.

‘उंच’ हाच शब्द घ्यावा. मराठीत डोंगर उंच आणि माणूसही उंच. इंग्रजीत मात्र डोंगर ‘हाय’ व माणूस ‘टॉल’. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशात एकेका मराठी शब्दापुढे अनेक इंग्रजी शब्द दिले आहेत, ते उगाच नव्हे.

समानार्थी शब्दांतील भेद शिकविण्यास आपल्या जिल्ह्यात कापसासारखे दुसरे साधन नाही. पावसात भिजलेला कापूस ‘वेट’. पहाटेच्या दवाने ओलसर झालेला ‘डॅम्प’. हमीभावाच्या खरेदीत यंत्र लावून पाहतात तो ओलावा म्हणजे ‘मॉइश्चर’. तो शेकडा ८ हून अधिक भरल्यास भाव उतरतो व १२ हून अधिक भरल्यास कापूस नाकारला जातो. म्हणून हा शब्द मुलाने वडिलांच्या तोंडून बहुधा ऐकलेलाच असतो. त्यावरून ‘मॉइस्ट’ हे विशेषण सहज सांगता येते. वापसा आलेली जमीन ‘मॉइस्ट’, ओल धरलेली भिंत ‘डॅम्प’. एक ओलेपणा हवासा, दुसरा नकोसा. हे शब्द एका ओळीत पाठ करवून घेतल्यास नेमका हाच भेद हरवतो.

‘पिक’ या शब्दाची तर मौजच आहे. कापूस वेचणे, फूल तोडणे, खेळासाठी गडी निवडणे, या तिन्ही क्रियांस इंग्रजीत तो चालतो. पण मुलास तो शेतातील ‘पीक’ वाटतो! ही चूक दडपू नये. तिच्यावरच पाठ उभारावा.

केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांतील कोलाम पोडांवरची अडचण निराळी आहे. ज्या घरी कोलामी बोलतात, तेथील मुलास फळ्याच्या उजवीकडील मराठी शब्दही परकाच असतो. तो पाठ होतो, अर्थ मात्र पोहोचत नाही. तेथे आधी वस्तू हाती द्यावी, कृती करून दाखवावी व तिला घरी काय म्हणतात, ते मुलासच विचारावे. तो शब्द गुरुजींनी वा बाईंनी त्याच्याकडून शिकून घेण्यात कमीपणा नाही. मग मराठी व शेवटी इंग्रजी शब्द द्यावा. आणि शब्दवहीत त्यापुढे प्रतिशब्दाऐवजी मुलाने स्वतः रचलेले एक छोटे वाक्य लिहवून घ्यावे.