न्हाणीची लादी काढून विनाइल घालताना



मिरचीचे, चिकूचे दोन पैसे हाती आले की वाणगाव परिसरात घराची डागडुजी निघते. त्यात न्हाणीचा नंबर बहुधा पहिला. गुळगुळीत लादीवर पाणी आणि साबण पडला की म्हाताऱ्या माणसाचा पाय सटकतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून हे काम शोभेचे समजू नये.

डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लादीखाली पोकळी असेल तर अशा हादऱ्याने ती सुटण्याचा धोका वाढतो. काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर ती लादी काढावी. भिंतीलाच तडे असतील तर आधी भिंतीचा बंदोबस्त करावा.

ओलीची परीक्षा

विनाइल हे प्लॅस्टिकच. ते पाण्याने कुजत नाही, पायाला गारही लागत नाही. पण खालच्या काँक्रीटमधून ओल वर आली तर गोंद सुटतो, फुगे येतात आणि कुबट वास सुटतो. म्हणून दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद काँक्रीटवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. कागदाखाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर विनाइल घालू नये. फाल्गुनात कोरडी वाटणारी जमीन श्रावणात पाझरते. तेव्हा परीक्षा पावसाळ्यात घ्यावी आणि काम उन्हाळ्यात करावे.

नवा कोबा

जमीन ओल धरत असेल तर जुना कोबा फोडून मुरूम चोपावा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि वर ३ इंच काँक्रीट घालावे. सिमेंट, रेती, खडी यांचे प्रमाण १:२:४ ठेवावे. मोरीच्या तोंडाकडे फुटाला पाव इंच उतार द्यावा. किमान ७ दिवस पाणी मारावे. त्यानंतर काँक्रीट वाळायला इंचाला साधारण एक महिना धरावा. माघात घातलेला कोबा वैशाखात तयार होतो. गवंड्याने घाई केली तरी आपण करू नये.

विनाइल कुठे, कुठे नको

आपल्याकडे बादली-तांब्याने अंघोळ होते, सगळी जमीन भिजते. तेथे सुटे तुकडे लावू नयेत, कारण सांध्यातून पाणी खाली शिरते. खरखरीत पृष्ठभागाची एकसंध गुंडाळी घ्यावी. ती भिंतीवर चार इंच चढवावी आणि मोरीच्या तोंडाशी नीट बंद करावी. सांधा टळत नसेल तर तो गरम करून जोडणारा कारागीर पाहावा. चुलीवरून उतरलेला हंडा थेट विनाइलवर ठेवू नये, डाग पडतो. त्याखाली पाट असावा.

असा कारागीर मिळत नसेल किंवा ओल थांबत नसेल तर विनाइलचा हट्ट सोडावा. खरखरीत शहाबादी फरशी किंवा झाडूने रेघा ओढलेला सिमेंटचा कोबा कमी खर्चात वर्षानुवर्षे टिकतो. वाचलेल्या पैशांतून भिंतीला धरायची लोखंडी दांडी पक्की बसवून घ्यावी. घरातल्या आजीला नव्या जमिनीपेक्षा तिचाच आधार अधिक वाटेल.