बाळू पालवणकर: विकेट चालतात, कॅप्टन चालत नाही

आजचा एपिसोड क्रिकेटवर आहे, पण आयपीएलवर नाही. इथे पालीत टेनिस बॉलच्या मॅचला एक नियम सगळ्यांना पाठ असतो: जो विकेट काढतो, तो टीममध्ये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला हा नियम अर्धाच लागू झाला. टीममध्ये जागा मिळाली, पंगतीत नाही. त्याचं नाव बाळू पालवणकर.

जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबात. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर बाळू पिच झाडायचा, रोलर फिरवायचा, नेट बांधायचा. पगार महिना 4 रुपये. मग साहेबांना सरावासाठी बॉल टाकणं सुरू झालं. जे. जी. ग्रेग नावाचा नावाजलेला बॅट्समन त्याच्याकडून तासन् तास बोलिंग करून घ्यायचा. बाळूच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही. पण त्या तासांमधूनच एक जबरदस्त डावखुरा स्पिनर तयार झाला.

आता पुण्याच्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं आणि बोलर हवा होता. बाळूला घेतलं. मैदानात सगळे त्याच बॉलला हात लावायचे. टी ब्रेक झाला की बाकीच्यांना कपबशी आणि बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणही वेगळं.

पुढे प्लेगच्या काळात तो मुंबईला आला. तेव्हा तिथे टीम धर्मावर पडायच्या: युरोपियन, पारशी, हिंदू आणि 1912 पासून मुस्लिम. त्यामुळे या मॅच म्हणजे नुसता खेळ नसायचा, इज्जतीचा प्रश्न असायचा. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 रननी हरवलं. बाळूच्या त्या मॅचमध्ये 8 विकेट.

1911 ला पहिली अखिल भारतीय टीम इंग्लंडला गेली. टीम बऱ्याच मॅच हरली, पण बाळूने त्या दौऱ्यात 114 विकेट काढल्या. अख्ख्या फर्स्ट क्लास करिअरचा हिशोब बघा: 33 मॅच, 179 विकेट, सरासरी 15.21. म्हणजे एका विकेटसाठी जेमतेम 15 रन! आणि हे सगळं जवळपास तिशीपासून पुढे, कारण मोठ्या मॅच मिळायलाच उशीर झाला होता.

मी इंजिनिअर असल्यामुळे आधी आकडे बघतो. आकडे बघितले तर कॅप्टन कोण, हा प्रश्नच पडायला नको. पण बाळूला हिंदू टीमची कॅप्टन्सी कधीच दिली नाही. 1920 मध्ये त्याला वगळलं आणि भाऊ विठ्ठललाही कॅप्टन्सी नाकारली. तेव्हा पालवणकर भावांनी खेळायला नकार दिला. पेपरांत चर्चा पेटली आणि शेवटी बाळूला परत बोलावून व्हाइस कॅप्टन करावं लागलं. 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवलं.

1937 च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला. तो वाद मोठा आहे, त्यावर वेगळा एपिसोड करू. 1955 मध्ये बाळू गेला.

विठ्ठलने 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलंय. लायब्ररीत दिसलं तर सोडू नका. आणि पुढच्या वेळी गावच्या टीमची निवड असेल, तेव्हा कोण खेळतंय एवढंच बघू नका. कॅप्टन कोणाला करतायत आणि मॅचनंतर कोण कोणाबरोबर चहा पितंय, तेही बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!